गाडी कुठं होती?

माझ्या उजव्या हातात अजून पेन ठरत नाही, म्हणून हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय. आमच्या बचत गटातल्या बायांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "मालनताई, कोंबडी नाचलीया का वहीवर?" नाचू दे. वाचता आलं म्हणजे झालं.

ज्या घरात कुणाचं तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय, त्या घरासाठी मी हे लिहितेय. ज्या घरात अजून काही झालेलं नाही, त्या घरासाठी तर जास्तच. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली की अर्धं अंग जातं आणि कधी कधी बोलणंही जातं, एवढंच मला समजलं, तेही अंगावर बेतल्यावर. माझं दोन्ही गेलं. त्यात बोलणं जाणं ही आमच्या वस्तीच्या दृष्टीनं मोठी बातमी होती, कारण माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात. "मालनची जीभ न्हवं, खुरपं हाय," असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यात थोडं कौतुकही असावं, असं मी आपलं धरून चालले होते.

पेरू हातातून पडला

आमची वस्ती इंदापूर आणि बारामती तालुक्यांच्या शिवेवर आहे. बाजाराला भवानीनगर, मोठ्या दुखण्याला बारामती, हा आमचा शिरस्ता. दीड एकर पेरू आहे, बाकी थोडा ऊस. थंडीतली सकाळ होती, साडेनऊचा सुमार. मी शेडमध्ये पेरू निवडत बसले होते. मोठा माल एका क्रेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात, डागी खाली गोणपाटावर. आमचे हे पांढरे कपडे घालून निघायच्या तयारीत होते. हे गावचे उपसरपंच. त्या दिवशी शेजारच्या गावात रस्त्याच्या कामाचं भूमिपूजन होतं, मोठे पाहुणे येणार होते आणि स्वागताच्या समितीत हे होते. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगात आठ दिवस आधीपासून वारं शिरतं.

हातातून एक पेरू पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा उचलायला गेले तर हातच गेला नाही. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील. "अवो, जरा हिकडं या," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाहेर जे आलं ते माझं मलाच ओळखू येईना.

हे हसले. "काय गं, गरम भजी तोंडात धरल्यागत बोलतीयास?" मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं आणि हातातला फोन तसाच धरून उभे राहिले.

सुनंदा ही आमच्या वस्तीची आशाताई. घरोघर फिरून बाळंतिणींची, आजाऱ्यांची चौकशी ठेवणं हे तिचं काम. ती शेजारीच राहते, धावत आली. म्हणाली, "ताई, दोन्ही हात वर करा." डावा गेला, उजवा नाही. म्हणाली, "हसा." मी हसले असेन, पण कसं दिसलं ते तिच्या डोळ्यांत मला दिसलं. तिनं तिथल्या तिथं १०८ ला फोन लावला. जवळची गाडी एका अपघातातल्या माणसाला घेऊन गेली होती, दुसरी लांबून येणार होती. चाळीस मिनिटं लागतील, असं त्यांनी खरं ते सांगितलं आणि पत्ता लिहून घेतला.

तेवढ्यात ह्यांचाही फोन लागला होता. तो तात्यांना.

"आमची सोय झाली"

तात्यांची ओळख करून द्यायला हवी. ते पंचायत समितीचे माजी सदस्य आणि आमच्या भागातल्या मोठ्या नेत्यांचा उजवा हात. आमच्याकडं कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, पोराला कॉलेजात घालायचं असलं, कुठं कागद अडकला असला, की आधी माणूस शोधायचा आणि त्याला शब्द टाकायला लावायचा, ही रीत आहे. आधी ओळख, मग आजार. हे स्वतःसुद्धा गावासाठी हेच करत आलेत. कितीतरी लोकांना ह्यांच्या एका फोनवर खाट मिळाली आहे, आणि ते मी नाकारत नाही. "वळख नसली तर आपल्याला कुत्रं इचारत न्हाय," असं हे म्हणतात, आणि ते अगदीच खोटं असतं तर लोक ह्यांच्या दाराशी आले नसते.

तात्या भूमिपूजनाच्या मांडवात होते. फोनमधून भोंग्याचा आवाज येत होता. ते ओरडून बोलत होते, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. "घाबरू नगा उपसरपंच! सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स हितं मांडवापाशीच उभी हाय. आत्ता धाडतो. जागचं हलू नगा!"

ह्यांना इतका धीर आला की त्यांनी सुनंदाच्या हातातला फोन घेतला, १०८ वाल्यांना परत लावला आणि सांगितलं, "तुमची गाडी राहू द्या. आमची सोय झाली."

मी ओसरीवर गोणपाटावर पडले होते. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. सुनंदा म्हणाली, "उपसरपंच, असं कशाला केलं? ती येऊ दिली असती की!" हे म्हणाले, "अगं, ही दहा मिन्टात येतीया. त्यांची कुणा दुसऱ्याला होईल." ह्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच तर सांगतेय. वाईट मनात नसताना माणूस किती वाईट करून ठेवतो, ते मी गोणपाटावर पडून पाहत होते.

दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. तात्या पुन्हा फोन उचलेनात. मग उचलला आणि म्हणाले, पाहुणे अजून आलेले नाहीत, ते येऊन गेल्याशिवाय गाडी हलवता येत नाही म्हणतात, पण मी बोलतोय. तास झाला. मला "कुठल्याही गाडीत घाला, पण चला" एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून एकच शब्द निघत होता, "गाडी." पुढचा कुठला म्हणजे कुठला शब्द येईना. "गाडी, गाडी, गाडी." हे माझा हात चोळत म्हणायचे, "येतीया गं, येतीया."

सव्वाअकराला सुनंदाचा संयम सुटला. ती कालव्याच्या रस्त्यावर जाऊन आडवी उभी राहिली आणि उसाचं बेणं घेऊन चाललेला एक पिकअप तिनं थांबवला. बेणं बाजूला सारून मला त्यात निजवलं.

खाट नाही, स्टूल आहे

जवळच्या सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत एकच डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्या पूजाएवढ्या. पूजा म्हणजे माझी लेक, पुण्याला नोकरी करते. खोलीत तीन खाटा आणि माणसं नऊ. एक मोटारसायकलवरून पडलेला, एक बाळंतीण, एक म्हातारा ऑक्सिजनवर. मला आधी स्टुलावर बसवलं, मी एका अंगाला कलंडायला लागले तेव्हा म्हाताऱ्याच्या मुलानं आपणहून सांगितलं, "आबांना बसतं करतो, ह्या बाईंना निजवा." त्या माणसाचं नाव मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या. सकाळपासून सगळे माझ्यावरून, माझ्याबद्दल बोलत होते. त्या माझ्याशी बोलल्या. "मावशी, तुम्हाला सगळं कळतंय ना? कळत असेल तर डोळे मिटा." मी डोळे मिटले आणि उघडायचेच नाहीत असं वाटलं, इतकं रडू आलं. सबंध दुखण्यात मला जे काही चांगलं मिळालं त्यात हे एक वाक्य सगळ्यात वर आहे.

मग त्या ह्यांच्याकडं वळल्या. "डोक्याचा स्कॅन इथे होत नाही. बारामतीला न्यायला हवं, लगेच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. कधी सुरू झालं हे?"

"साडेनऊ-पावणेदहाला," सुनंदा म्हणाली.

"आत्ता बारा वाजत आलेत. म्हणजे अजून वेळ आहे."

हे ऐकून मला केवढा हुरूप आला, काय सांगू. बारामती तिथून पाऊण तास. मी मनात हिशेब घातला, एकच्या आत पोचू. हे म्हणाले, "पिकअप बाहेर हाय, त्यातच नेतो." डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं. माझं ब्लडप्रेशर फार चढलं होतं, उलट्या सुरू झाल्या होत्या, वाटेत श्वास अडकला तर पिकअपमध्ये कोण काय करणार? त्यांचं बरोबर होतं. त्यांनी १०८ लाही विचारलं. जवळच्या दोन्ही गाड्या पेशंट घेऊन पुण्याच्या वाटेला लागलेल्या.

"तुमच्या दवाखान्याची गाडी?" सुनंदानं विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडी आहे. पण इथे नाही. कार्यक्रमाला उभी आहे." त्यांनी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला होता, "माझ्याकडे पेशंट आहे, तुमच्याकडे काय आहे?" असं त्या म्हणाल्या. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. पाहुण्यांची भाषणं चालली होती.

गाडी एक वाजून वीस मिनिटांनी आली. तिच्या काचेवर झेंडूची एक माळ तशीच लटकत होती.

बारामती

स्कॅन झाला तेव्हा पावणेतीन वाजले होते. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. तिथले मोठे डॉक्टर ह्यांना बाहेर नेऊन म्हणाले, "दीड तास आधी आणलं असतं तर..." दार उघडंच होतं. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि ह्यांनीही पुरं करायला सांगितलं नाही.

आठ दिवस अतिदक्षता विभागात, पुढं नऊ दिवस वॉर्डात. तिथला दिवस सांगते. पहाटे पाचला रक्त, सहाला अंग पुसणं, आठला नाकातल्या नळीतून दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग व्यायामवाल्या बाई, त्या माझा उजवा पाय उचलून म्हणायच्या, "काकू, हा तुमचाच आहे, विसरू नका त्याला." बेडपॅनची लाज पहिले दोन दिवस वाटते. तिसऱ्या दिवशी लाज जाते, आणि ती गेली याचंच वाईट वाटतं. एक मावशी होत्या झाडलोटीच्या, त्या रोज दुपारी स्वतःच्या फणीनं माझी वेणी घालायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

भीती एकाच गोष्टीची वाटायची, हाताची नव्हे, पायाची नव्हे, डोकं जाण्याची. मी अडाणी होईन, वेडी होईन, आणि मला ते कळणारही नाही. म्हणून मी पडल्या पडल्या आमची पेरूची बाग मनात फिरायची. पहिल्या ओळीत बासष्ट झाडं, बोअरजवळचं वाळलेलं. दुसऱ्या ओळीत साठ. शेवटपर्यंत जाता आलं की मी निवांत झोपायची. ज्यांच्या घरी असं माणूस पडलंय त्यांना हात जोडून सांगते, त्याला बोलता येत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं नसतं. त्याच्या उशाशी बसून त्याच्या नशिबाची चर्चा करू नका.

दहाव्या दिवशी, वॉर्डात आल्यावर, तात्या भेटायला आले. बरोबर चारजण आणि फळांची टोपली. टोपलीत पेरू होते, तेही बारके. आमच्या शेडमध्ये असले डागी मालाबरोबर खाली गोणपाटावर जातात. एकानं फोन काढला. तात्यांनी माझ्या लुळ्या हातावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि फोटो झाला. संध्याकाळी तो गावाच्या ग्रुपवर आला, "प्रकृतीची आस्थेवाईकपणे विचारपूस." माझ्या नाकात नळी, पदर धड नाही. मला इतका राग आला की मी सगळा जोर लावून बोलले. "गाडी!" असं बोलले.

तात्या म्हणाले, "लागंल ती गाडी देऊ, वहिनी."

एक शब्द

घरी आले तेव्हाही माझ्याजवळ तो एकच शब्द होता. पाणी हवं तरी गाडी, भूक लागली तरी गाडी, सुनंदा आली तरी तिला गाडी. बारामतीला बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी समजावलं की असं होतं, शेवटी जे मनात अडकलं ते तोंडात राहतं. आठवड्यातून दोनदा हे मला त्यांच्याकडं न्यायचे. कप, चमचा, दार. मी दहावी पास, गटाची अध्यक्ष, आणि "चमचा" म्हणायला तीन आठवडे.

ह्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर दोन्ही बाजूंनी लिहायला हवं. ह्यांनी भाकरी शिकून घेतली. पहिल्या दिवशीची गुरांनीसुद्धा हुंगून सोडली, पण महिन्याभरात जमली. मला न्हाऊमाखू घातलं, लुगडं नेसवलं, निऱ्या उलट्या का होईना. आणि त्याच माणसाशी मी मनातल्या मनात दिवसभर भांडत असायची. ज्या बाईनं अठ्ठावीस वर्षं तोंडानं संसार हाकला तिला भांडता येऊ नये, यासारखी शिक्षा नाही. हे फक्त एवढंच म्हणत, "मी फोन केला न्हाय का? बसून राहिलो का मी?"

एके दिवशी सुनंदा माझ्या पायाला तेल लावता लावता म्हणाली, "ताई, सरकारी गाडीचं लॉगबुक असतं. कुठं गेली, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरनं, समदं लिवावं लागतं. माहितीच्या अधिकारात मागितलं तर द्यावं लागतं. मी अर्ज केला तर माझी नोकरी राहायची न्हाय."

मी तिच्याकडून कागद मागून घेतला. डाव्या हातानं मी लिहिलेली पहिली गोष्ट म्हणजे तो अर्ज. सहा ओळींना चार दिवस लागले. पूजानं फोनवर मजकूर सांगितला, "मम्मी, मी टाईप करून पाठवते ना," म्हणाली. मी मान हलवून नाही म्हटलं, तिला फोनवर दिसलं नसेल, पण अर्ज माझ्याच हाताचा गेला.

दोन कागद आले. एक लॉगबुकाचं पान. त्या तारखेला सकाळी आठ ते दुपारी एक, "कार्यक्रम, स्टँडबाय." दुसरा, कार्यक्रमाला गाडी द्यावी म्हणून केलेला विनंती अर्ज, खाली अर्जदाराची सही. वर कोपऱ्यात लाल शाईनं "परवानगी" आणि एक वेटोळी सही, कुणाची ते वाचता येत नव्हतं.

अर्जदाराची सही मात्र मला वाचायची गरज नव्हती. बँकेच्या पासबुकापासून लग्नपत्रिकेच्या यादीपर्यंत ती मी पाहत आलेय.

तीन अर्ज

मी कागद ह्यांच्यासमोर चुलीजवळ ठेवला. ह्यांनी पाहिला.

"ह्ये दर वक्ताला देतोच की आपण," हे म्हणाले. "मांडवाची परवानगी, पोलीस बंदोबस्त, ॲम्ब्युलन्स. तीन अर्ज. रीतच हाय ती. ऊन असतं, म्हाताऱ्या-कोताऱ्या येत्यात, मांडवात कुनी पडलं-झडलं तर असावी म्हणून."

तोवर मला दोन-दोन शब्द यायला लागले होते. मी विचारलं, "कोन... पडलं?"

हे रडले. मी रडले नाही. ह्यांना सगळं त्या सकाळीच कळलं होतं. मांडवापाशी गाडी उभी आहे असं तात्या ओरडले तेव्हाच ह्यांना ठाऊक होतं की ती कुणी बोलावली. सहा महिने हा माणूस माझ्या निऱ्या घालत होता आणि हे पोटात ठेवून होता. मला ह्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हीतलं काही कमी होईना.

मी त्यांना सांगितलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं, की तालुक्याच्या आमसभेत हे विचारणार. आमसभा वर्षातून एकदा होते. समोर आमदार आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी बसतात, आणि कुणीही उठून विचारू शकतो. जे विचारलं ते इतिवृत्तात लिहावं लागतं. गटाचं इतिवृत्त मी नऊ वर्षं लिहिलंय. जे इतिवृत्तात नाही ते घडलंच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"खुळी हायस का?" हे म्हणाले. "तात्या काय म्हनतील? उद्या परत काय झालं तर आपला फोन कोन उचलंल?"

मी पाटी पुसली आणि लिहिलं, "म्हणूनच."

त्या दिवसापासून आमच्यात अबोला. मला बोलता येत नव्हतं तेव्हाही घरात इतकी शांतता नव्हती.

महिनाभराची तयारी

तीन वाक्यं ठरवली. गाडी कुठं होती? कुणाच्या परवानगीनं गेली? परत जाणार का? मॅडमनी ती तालात बसवून दिली, कारण तालावर बोललं की शब्द सुटतात. मी डाव्या हातानं मांडीवर थाप मारत ती घोकायची. शेडमध्ये, बागेत, न्हाणीत. बागेतल्या कामाच्या बायांना ती माझ्याआधी पाठ झाली. "परवानगी" ह्या शब्दानं माझा जीव काढला. कधी परगावी व्हायचं, कधी नुसतंच प्र-प्र. सुनंदा म्हणायची, "सोपा शब्द घ्या की ताई." मी घेतला नाही. तो शब्द त्यांच्या कागदावर होता, तोच त्यांना ऐकवायचा होता.

आणि एक गोष्ट ह्याच महिन्यात मी गटातल्या सगळ्या बायांना शिकवली, तुम्हालाही सांगते. तोंड वाकडं, हात खाली, बोलणं बोबडं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा. १०८ लावा आणि लावलेली रद्द करू नका. स्कॅन कुठं होतो ते आजच विचारून ठेवा. आणि ओळखीच्या माणसाला फोन करायचाच असेल तर गाडीत बसल्यावर करा.

आमसभा

हे सकाळीच कुठंतरी निघून गेले होते. सुनंदानं मला एसटीनं नेलं, पण सभेत ती माझ्याशेजारी बसली नाही, नोकरीमुळं. मागं उभी राहिली. मी काठी घेऊन तिसऱ्या रांगेत.

दोन तास विजेचे डीपी, कालव्याच्या पाण्याचं आवर्तन आणि रस्ते. आरोग्य खात्याचं नाव निघाल्यावर मी डावा हात वर केला. माईक आला.

"माझा... प्रश्न..." म्हटलं आणि गाडं अडलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" पुढच्या रांगेतून तात्या उठले. आवाजात माया होती, ती खोटी नव्हती. "वहिनींची तब्येत बरी न्हाय. त्यांचं निवेदन घ्या आणि त्यांना बसू द्या."

निवेदन घेतलं की ते कुठं जातं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "न्हाय." मांडीवर थाप मारली. "गाडी कुठं होती?" मग तारीख सांगितली. "कुनाच्या... पर... वा... नगीनं गेली?" शब्द एकदाचा बाहेर पडला. "परत जानार का?"

आरोग्याचे अधिकारी उठले, फाईल चाळली आणि म्हणाले, "सदर दिवशी संयोजकांच्या मागणीवरून गाडी स्टँडबाय दिलेली होती."

आमदार माईककडं झुकले. "मागणी कोणाची होती? ताई, अर्जदाराचं नाव आहे का तुमच्याकडं?"

कागद माझ्या हातात होता. तो पुढं दिला असता तर काम झालं असतं. पण मग ते नाव मनातल्या मनात वाचलं गेलं असतं आणि कागद फाईलला लागला असता. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर आमचे हे, अवो, उपसरपंच, पूजाचे पप्पा. आणि सासूबाईंनी नावही असं ठेवलेलं की धड जीभ असलेल्यानंसुद्धा अडखळावं.

"दत्..." मी म्हटलं. "दत्ता..." घाम फुटला. थाप मारली. "दत्तात्रय. ज्ञानदेव." मग आडनाव. "माझा नवरा."

कुठंतरी हसू फुटलं. मग बरंच हसू. आमदारही हसले, मोकळे झाल्यासारखे. "अहो ताई, मग हा तर घरचा मामला झाला!"

हे मागच्या दाराशी उभे असलेले मला तेव्हा दिसले. खांबाला धरून. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी हात वर केला. "पत्र माझंच हाय," हे म्हणाले. "मी चुकलो." आणि हसणं थांबलं.

मी कागद उंच धरला, लाल शाईची वेटोळी सही वर करून.

"त्यांनी... मागितली," मी म्हटलं. "दिली कुनी? माझ्या घरातलं... मी सांगितलं. तुमच्यातलं... तुमी सांगा."

आमदार अधिकाऱ्यांकडं पाहायला लागले, अधिकारी फाईलकडं. तात्या खाली पाहत होते. "चौकशी करून कळवतो, ताई," आमदार हळू म्हणाले. "आपण बसा आता."

माझ्या मागं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. ह्यांनी पुढं येऊन माझ्यामागं खुर्ची ठेवली होती आणि ते तिच्या पाठीला धरून उभे होते. मी बसले नाही.

"उभं ऱ्हायला... मला सात महिने लागले," मी म्हटलं. "बसायची... घाई न्हाय."

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातला कागद मागून घेतला, आणि ती वेटोळी सही कुणाची ते माईकवर सांगायला सुरुवात केली.